माऊसवरचा हात

ब्राउझरमधला टॅब पुन्हा बंद झाला आणि सुनीती परचुरेंनी आधी दाराकडे पाहिलं. वारज्याच्या त्या फ्लॅटमध्ये बघणारं कुणी नव्हतं. नवरा, गोपाळकृष्ण, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. तरी चोरी पकडली गेल्यासारखं त्यांना वाटलं.

नारायण पेठेतल्या एका छोट्या छपाई युनिटसाठी सुनीतीबाई पाकिटांची लेबलं करत. चकली, शेव, उपासाची भाजणी, कांदा-लसूण मसाला. लॉकडाऊनपासून घरूनच. इतकी वर्षं हे काम कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चालायचं आणि कोरल त्यांच्या बोटांत मुरलेलं होतं. कंट्रोल डी दाबलं की एका चकलीच्या दोन चकल्या. सी दाबलं की सगळं मधोमध. पूर्वीच्या मंद कॉम्प्युटरवर अक्षरं सरकवली की त्यांच्या सावल्या मागे राहायच्या. कंट्रोल डब्ल्यू दाबलं की पडदा पुसल्यासारखा स्वच्छ व्हायचा. पुढे कॉम्प्युटर वेगवान झाले, सावल्या गेल्या, पण बोटांची सवय राहिली. दर चार-पाच गोष्टी झाल्या की कंट्रोल डब्ल्यू.

मालकाच्या मुलानं, अभिनवनं, या महिन्यात कोरलच्या जागी ब्राउझरमध्ये उघडणारा नवा एडिटर आणला. गिऱ्हाईक आपल्या घरी बसून लेबल होताना बघू शकतं म्हणे. त्यात कंट्रोल डब्ल्यू दाबलं की पडदा पुसला जात नाही, अख्खा टॅबच बंद होतो.

माऊस हातात घेतला असता तर निभावलं असतं. पण वर्षभरापासून सुनीतीबाईंना उजव्या अंगठ्यानं काही धरता येत नव्हतं. कणीक गोपाळकृष्ण मळायचे. की-बोर्डवर बोटं चालत. माऊस मुठीत घेतला की मनगटातून कळ थेट कोपरापर्यंत जायची. डाव्या हातानं धरून पाहिला, तर बाण पडद्यावर डासासारखा भिरभिरायचा. ऑफिसात हे कुणाला माहीत नव्हतं. त्यांच्याबरोबरच्या पायलनं डोळ्यांचं दुखणं सांगितलं होतं, तेव्हा तिला आरामासाठी सुट्टी दिली गेली आणि परत कधी बोलावलंच नाही.

फोन वाजला. अभिनवच होता.

"ताई, तुम्ही परत बाहेर पडलात का? क्लायंट म्हणतोय, स्क्रीनवर तुमचं नाव येतंय-जातंय."

"लाईट गेली होती."

"वारज्यात रोज जाते?"

"रोज जाते."

"ताई, ते शॉर्टकट्स सोडा ना आता. माऊसनं ड्रॅग करा, विषय संपला. पुढच्या महिन्यापासून सगळं याच्यावरच आहे. जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे मला दुसरं कुणी बघता येईल."

"जमेल," सुनीतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

गोपाळकृष्ण दारात उभे होते. वीज मंडळाच्या ऑफिसातून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती.

"सरक," ते खुर्ची ओढत म्हणाले. "कुठं काय हलवायचंय, सांग."

"त्या लाल पट्टीवर क्लिक करा. एकदा."

"केलं."

"दोनदा केलंत."

"मी एकदाच केलं. तू घाई केलीस म्हणून दोनदा झालं."

"आता धरून डावीकडे न्या. अहो, डावीकडे."

"कुणाच्या?"

"आपण दोघं एकाच बाजूला बसलोय."

शेवेचं लेबल संध्याकाळपर्यंत पुरं झालं. मग हीच रीत पडली. बोटं सुनीतीबाईंची, माऊस गोपाळकृष्णांचा. काही दिवसांनी ते मतं द्यायला लागले. एवढी पिवळी शेव आपल्याकडे कुणी खात नाही. मसाल्याच्या पाकिटावरची बाई रागावलेली दिसते. सुनीतीबाई एरवी ऐकून घ्यायच्या. पण ते आंघोळीला गेले आणि तेवढ्यात अभिनवचा फोन आला की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. "नाव थोडं वर घ्या, आत्ता, क्लायंट बघतोय." त्या न्हाणीघराच्या दाराशी जाऊन हळूच हाक मारायच्या, फोन लांब धरून.

"ताई, स्पीड मस्त आलाय," अभिनवनं एके दिवशी कळवलं. सुनीतीबाईंना तेही नकोसं झालं. मागोमाग दुसरा निरोप आला. मंगळवारी ऑफिसला या, निशा नवीन लागलीय, तिला तुम्ही करून दाखवा.

"मी येऊ?" गोपाळकृष्णांनी विचारलं.

"आणि काय सांगू? हात बरोबर आणलाय?"

मंगळवारी त्या एकट्याच गेल्या. सोमवारभर त्यांनी डाव्या हातानं सराव केला होता. त्यातून एवढंच कळलं होतं की जमणार नाही. ऑफिसात निशा वही न घेता, नुसती उत्सुक होऊन शेजारी बसली. मागे अभिनव उभा. सुनीतीबाईंनी नाव टाईप केलं, वजन टाईप केलं आणि घाबरलेल्या बोटांनी आपलं जुनं काम केलं. कंट्रोल डब्ल्यू. टॅब गेला.

"लाईट तर आहे," अभिनव म्हणाला.

निशानं टॅब परत उघडून दिला.

"ताई, माऊस घ्या ना."

त्यांनी हात ठेवला. बोटं मिटली. बाण थोडा हलला आणि तिथंच थांबला. कळ येऊन गेल्यावर त्यांनी हात मांडीवर घेतला.

"मला माऊस धरता येत नाही. वर्ष झालं."

"मग इतके दिवस काम?"

"मिस्टर धरतात. मी सांगते, ते हलवतात."

निशाला हसू आलं. तिनं ते खोकल्यात दडवलं.

"म्हणजे मी काकांना मस्त-मस्त म्हणत होतो," अभिनव म्हणाला. त्याच्या आवाजावरून काही कळेना. "आधी का नाही बोललात?"

"पायल बोलली होती."

तो म्हणाला, "तिचं वेगळं होतं."

"असेल."

अभिनवनं खुर्ची ओढली आणि एडिटरच्या सेटिंगमध्ये शिरला. कोरलसारख्या कीज लावायची सोय त्यात होती. त्यानं आजवर उघडून पाहिली नव्हती. कंट्रोल डब्ल्यू मात्र एडिटरपर्यंत पोचतच नव्हतं, ब्राउझर ते मधल्यामधे खात होता. त्यानं एडिटर टॅबमधून काढून स्वतंत्र खिडकीत उघडून दिला. "आता दाबा."

सुनीतीबाईंनी श्वास धरून दाबलं. काहीच बंद झालं नाही. कंट्रोल डी. एका चकलीच्या दोन चकल्या झाल्या. सी. दोन्ही मधोमध आल्या. पण पट्टीच्या खाली दडलेलं अक्षर निवडायचं, तर की-बोर्डवरची टॅबची की दाबत राहूनही ते सापडेना. तिथं माऊसच लागत होता.

"हे नाही होत यात," अभिनव म्हणाला. "असलं काही अडलं तर निशाकडे पाठवा. महिनाभर असं करून बघू."

"आणि महिन्यानंतर?"

"महिन्यानंतर बघू, ताई."

तो उठून आत गेला. सुनीतीबाईंनी ते लेबल संपवलं, अडलेलं एक अक्षर निशाकडून हलवून घेतलं आणि खाली उतरून घरी फोन लावला.

"कामावरून काढलं?" गोपाळकृष्णांनी पहिल्याच रिंगला विचारलं.

"नाही. कीज लावून दिल्यात. बाकीचं ती निशा करेल."

"मग मी?"

"तुमची सुटका."

"नोटीस न देता," ते म्हणाले.

"नोटीस मला मिळालीय," सुनीतीबाई म्हणाल्या. "महिन्याची."

आणि बस आली म्हणून फोन पर्समध्ये टाकून त्यांनी चढताना डाव्या हातानं दांडी धरली.