ड्रेसर नामदेवच्या हातातलं पुस्तक

जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. ते दावं तोडून आपणच दारात येऊन उभे राहतात. आमच्याकडे तर त्यात पुस्तकाची भर पडली, मग काय विचारता!

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी आळे गावाजवळच्या एका दवाखान्यात डॉक्टर होतो. हाताखाली दोघं: पशुधन पर्यवेक्षक शेळकेभाऊ आणि मलमपट्टी करणारा, सातवी शिकलेला ड्रेसर नामदेव. कॉलेज सुटल्यापासून मी एक पान उलटलं नव्हतं. त्याची लाज वाटून ठरवलं, दर शनिवारी तिघांनी बसायचं आणि आपल्या कामाचं एक प्रकरण वाचायचं. पुस्तक इंग्रजी, मी मराठीत सांगायचो. शेळकेभाऊंनी टीव्हीवर ऐकून त्याला 'बुक क्लब' म्हणायला सुरुवात केली.

आमचे वरिष्ठ, तालुक्याचे डॉक्टरसाहेब, त्यांना हे कळलं. ते नामदेवसमोरच मला म्हणाले, "ड्रेसरनं जनावर धरायचं. तो पुस्तक कशाला धरतोय?" इन्स्पेक्शनला येईन तेव्हा हे बंद करून टाकू, असंही सांगून ठेवलं. नामदेवनं त्या दिवशी डबा उघडला नाही. मला साहेबांचा फार राग आला. पुढच्या शनिवारी वाचन ठरल्याप्रमाणे झालं.

*

वाचन व्हरांड्यात चालायचं, त्यामुळे जनावरं घेऊन आलेली माणसंही ऐकत बसायची. एका शनिवारी गाईच्या पोटात तार गेली तर काय होतं, ते वाचलं. ती रवंथ करत नाही, पाठ वाकवून उभी राहते, वगैरे.

सोमवारी दारात नऊ जनावरं, नऊही ठणठणीत. एक म्हातारबाबा हटूनच बसले, म्हशीनं रवंथ बंद केलंय म्हणून. मी विचारलं, कधीपासून?

"झोपल्यापासनं."

*

पिंपरी पेंढारच्या एका बाईंची शेळी तपासायची होती. शेळकेभाऊंनी पुस्तक बाकावर ठेवलं आणि थर्मामीटर आणायला आत गेले. परत येईपर्यंत शेळीनं अपचनाचं अख्खं प्रकरण खाल्लं होतं.

बाई घाबरल्या. शेळीला काही होणार नाही ना, म्हणाल्या. शेळकेभाऊ गंभीरपणे म्हणाले, "झालंच तर उपाय तिच्याच पोटात हाय."

मी कपाळाला हात लावला. नामदेव आत गेला आणि लांब वही घेऊन आला. आतापर्यंतचं प्रत्येक प्रकरण त्यानं मराठीत उतरवून काढलं होतं, गाईच्या चार पोटांच्या चित्रासकट. ती वही हातात घेताना मला जो अभिमान वाटला, तसा स्वतःची डिग्री घेतानाही वाटला नव्हता. त्या दिवसापासून शनिवारी येताना वहीतलं मागचं प्रकरण वाचून यायचा नियम झाला.

*

येडगावच्या एका लग्नात शेळकेभाऊ आणि नामदेव पंगतीत शेजारी बसले आणि पोट फुगलेल्या म्हशीला सुई नेमकी कुठे टोचायची, यावर त्यांचं वाजलं. नामदेव समोरच्या पावण्याच्या कुशीवर बोट ठेवून जागा दाखवत होता. पावणं जिलबी न खाताच उठलं!

*

मग साहेब इन्स्पेक्शनला आले. रजिस्टरं बघून झाली आणि क्लबचा विषय निघणार, तोच एक शेतकरी धावत आला. कालच व्यालेली गाय बसली ती उठत नव्हती, कान गार पडले होते. तिच्या रक्तातलं कॅल्शियम उतरलं होतं, हे उघड होतं. साहेब म्हणाले, चला, कॅल्शियमची बाटली मीच देतो.

गोठ्यात मी गाईची मान धरली. साहेबांनी शिरेत सुई घातली. नामदेवनं एका हातात बाटली धरली आणि दुसरा तळवा गाईच्या छातीला लावून ठेवला. साहेबांना पुढच्या दवाखान्यात जायची घाई होती. ते म्हणाले, बाटली उंच धर, लवकर जाऊ दे.

नामदेवनं बाटली खाली घेतली.

साहेब भडकले. शेतकरी रडकुंडीला आला. नामदेवनं छातीवरचा तळवा हलवला नाही.

"न्हाई साहेब. काळजाचं ठोकं चुकाया लागल्यात. पुस्तकात हाय, औषध जोरात गेलं की काळीज बंद पडतं. वर घेतली तर गाय जाईल."

साहेबांनी स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "खालीच राहू दे."

अर्ध्या तासानं गाय धडपडत उठली आणि वासराला चाटू लागली. शेतकऱ्यानं चहा आणला. साहेबांनी कप हातात घेतला आणि मला नाही, नामदेवला विचारलं, "शनिवारी किती वाजता बसता तुम्ही?"

"दोन वाजता," नामदेव म्हणाला. "पर साहेब, आदी वाचून यावं लागतं."