प्रसाद टाकायचा नसतो

दादाची दारू सोडवायला आईने त्याला न्यावं कुठे? तर कालभैरवाला! जिथे देवालाच दारूचा नैवेद्य लागतो. "शेवटची बाटली देवाला वाहा आणि मोकळा हो," हे तिचं म्हणणं. मी कपाळावर हात मारला, पण भैरवगढच्या त्या देवळापर्यंत गाडी चालवली मीच.

पुजाऱ्याने बशीत दारू ओतून मूर्तीच्या तोंडाला लावली आणि रिवाजाप्रमाणे उरलेली बाटली दादाच्या हातात परत दिली. "भोग लग गया. लो, प्रसाद." झालं! प्रसाद टाकणार कसा? आईने ती बाटली घरी आणून देवघरात गंगाजलाशेजारी ठेवली.

दादा मात्र देवापुढे दिलेल्या शब्दाला जागला. त्या बाटलीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पण तिसऱ्याच दिवशी सकाळी त्याचे हात इतके थरथरायला लागले की चहाचा कप धरवेना. बनियन घामाने भिजलेलं. "मनात आणलं तर सुटते, तू मनातच आणत नाहीस," हे माझं पालुपद मी तेव्हाही चालूच ठेवलं. तेवढ्यात आई उठली आणि तीर्थ द्यावं तसा तो प्रसाद पळीपळीने त्याला पाजायला लागली. थोड्या वेळाने हात थांबले. आईने भैरवाला हात जोडले. हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, मला कळेना.

फ्रीगंजमधल्या डॉक्टरांना हे सांगितलं, तर ते माझ्यावरच उखडले. "एकदम बंद किसने करवाई? मिर्गी जैसा दौरा पड़ सकता था, जान जा सकती थी. इन्होंने छोड़ दी, शरीर ने थोड़े ही छोड़ी है!"

"मतलब इनकी गलती नहीं है?"

"ऐसा मैंने कब कहा?"

घ्या! अहो, मला एक काय ते सांगा ना, याच्यावर चिडायचं की याची कीव करायची?

त्यांनी दादाला भरती करून घेतलं. तो घरी परतला तेव्हापासून आम्ही सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागलो. आजारी माणूस, बिचारा. एका दुपारी त्याच्या उशाशी गोळ्या तशाच पडलेल्या दिसल्या. मी पाण्याचा ग्लास शेजारी ठेवला.

"तू आजकाल ओरडत नाहीस?" दादाने विचारलं.

"आजार आहे म्हणतात ना डॉक्टर."

"ते बरोबर आहे यार. पण तू ओरडायचीस तेव्हा वाटायचं, माझ्या हातात अजून काहीतरी आहे. आता तर तुम्ही मलाच सोडून दिलंय."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला.

"मग गोळी काय मी घेऊ?" मी इतक्या जोरात ओरडले की आई स्वयंपाकघरातून धावत आली. दादाने निमूटपणे गोळी तोंडात टाकली.