चौघांत एक ताई

वर्गात तिला सगळे ताई म्हणत. थोरल्या भावाच्या, दादाच्या, दुकानातील हिशेबाचे काम सोडून, तिशी उलटल्यावर ती विद्यापीठात आली होती. "एक वर्ष देतो. नाही जमलं तर पुन्हा दुकान आहेच," असे दादाने बजावले होते. शेवटच्या विषयात उत्तीर्ण झाल्यास नोकरी देण्याचे एका कंपनीने कबूलही केले होते.

विषय होता, एकाच वेळी हजारो लोकांनी वापरावयाच्या वेबसाइटींच्या उभारणीचा. प्राध्यापक पहिल्याच तासाला म्हणाले, "एकाच सर्व्हरवर सगळा भार म्हणजे एकखांबी तंबू. खांब मोडला की खेळ खलास." ताईने ते मनावर घेतले. चौघांच्या गटाने नाट्यगृहाची तिकिटे विकणारी वेबसाइट करावयाची होती. तिने प्रत्येक सर्व्हरला जोडीदार दिला.

माणसांची व्यवस्था मात्र निराळी होती.

"अरे, बंद पडलेला सर्व्हर उठवायचा कसा, ते तरी शिकून घ्या."

"ताई, तू आहेस ना!" गटातला पोपट म्हणे. बोलण्यात तो कोणाला हार जात नसे, म्हणून हे नाव. "आम्ही हात लावला की बिघडतं."

एकदा त्याने मनापासून लिहिलेला भाग तिने त्याला न सांगता पुसून नव्याने लिहिला होता. शिकवत बसण्यापेक्षा करून टाकणे तिला सोपे वाटे. शिवाय 'ताईशिवाय पान हलत नाही' हे कानाला गोडही लागे.

परीक्षेच्या सकाळी आईला रुग्णालयात हलवावे लागले. फोन बंद ठेवून ताई शस्त्रक्रियागृहाबाहेर बसली. इकडे प्राध्यापकांनी वेबसाइटवर कृत्रिम गर्दी सोडली. पहिला सर्व्हर बसला, त्याचा भार उचलता उचलता दुसराही बसला, आणि तिघे एकमेकांची तोंडे पाहत राहिले.

पुढे प्राध्यापकांनी सर्वांना खोलीत बोलावले.

"आई बऱ्या आहेत ना? छान. पण तुम्ही पासवर्ड कोणाला दिलेच नाहीत म्हणे?"

"दिले होते, सर. कोणी उघडून पाहिलं नाही."

"ताई, आम्हाला काही करू कुठे दिलंस?" पोपट जमिनीकडे पाहत म्हणाला. त्यात निम्मे खरे होते.

"या तिघांनी आपापला भाग तोंडी नीट सांगितला," प्राध्यापक म्हणाले. "उभारणी तुमच्या नावावर होती, आणि ती कोसळली. फेरपरीक्षा पुढच्या वर्षी."

कंपनीने तिची जागा यादीतील पुढच्या नावाला दिली. ते नाव पोपटाचे निघाले. दादाने दुकानाची किल्ली तेवढी तिच्यापुढे ठेवली.

काही महिन्यांनी दुकानात पोपटाचा फोन आला. "ताई, सर्व्हर उठत नाहीये गं. साहेब डोक्यावर उभे आहेत."

"तू काय काय करून पाहिलंस?"

"काहीच नाही. म्हटलं, आधी तुला विचारावं."

समोरच्या गिऱ्हाइकाला हाताने थांबवून ती एकेक आज्ञा सांगत गेली. शेवटची सांगून झाल्यावर तिने विचारले, "उठला का रे?"

पोपटाने फोन केव्हाच ठेवला होता.