बुजवलेला झरोका

तो झरोका मीच बुजवायला लावला होता. एवढे एकच वाक्य मी त्या दिवशी बोलायला हवे होते. बोललो ते भलतेच.

"गवंडीकामात हलगर्जी झाली आहे, रावसाहेब. चुना पडून नळ तुंबला असणार."

आणि बोट दाखवले ते शेजारी उभ्या असलेल्या कासमभाईंकडे.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षे आधीची ही गोष्ट. मी लोणावळ्यात बंगल्यांच्या कामांवर ओव्हरसियर होतो. रावसाहेब हे मुंबईचे निवृत्त वकील. तुंगार्लीला त्यांनी दुमजली बंगला बांधायला काढला होता. त्यांच्या आईचे सांधे आखडलेले, त्यात छातीला धूर सोसत नसे. इथला पावसाळा काढायचा तर त्यांची खोली उबदार हवी, पण खोलीत शेगडी चालणार नव्हती.

मी उपाय सुचवला. जिन्याखाली विटांची बंदिस्त भट्टी. तिचा धूर धुराड्यातून बाहेर जाईल. भट्टीभोवती तापलेली हवा मात्र पत्र्याच्या रुंद नळातून वर आईसाहेबांच्या खोलीत जाईल. गरम हवा हलकी असते, ती आपोआप चढते. एका इंग्रजी पुस्तकात मी ही आकृती पाहिली होती. नळाची बाजू बारकाईने पाहिली. पानाचा उरलेला अर्धा भाग वाचलाच नाही.

कासमभाई कुसगावचे गवंडी. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. एक दिवस मी वर गेलो, तर आईसाहेबांच्या खोलीच्या जिन्याकडच्या भिंतीत, जमिनीलगत, त्यांनी दोन विटांएवढी जागा मोकळी सोडलेली.

"हे काय, कासमभाई?"

"भोक ठिवलंय, सायेब. हवा भायेर जायाला."

"नकाशात आहे का?"

"नकाशात न्हाई. पन नळातनं हवा आत येनार, मंग आतली कुटं जानार? आमच्या घरी दार घट लावून चूल पेटवली तर धूर वर चढतच न्हाई. समदा घरात कोंडतोय. दाराखालनं वारा आला का मंग सुटतो."

"इथे धूर नाहीच. आणि ऊब बाहेर घालवायची तर कोळसा जाळायचा कशाला? उद्या उंदीर आत येतील, ते वेगळेच."

"उंदराला जाळी लावू की. हवेला तुमी काय लावनार?"

गडी हसले. ते हसणे मला झोंबले.

"बुजवा," मी म्हणालो.

"व्हय. तुमी म्हनाल तसं."

त्यांनी ते असे बुजवले की गिलाव्यानंतर जागा ओळखू येईना. ऊब निसटू नये म्हणून मी दाराच्या चारी कडांना बनातीच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, पट्ट्या ठोकून घेतल्या. वर छताला लाकडी तक्तपोशी होतीच, आणि पावसामुळे खिडक्याही बंद. खोली डब्यासारखी बंद झाली आणि मी खूष झालो.

श्रावणात भट्टी पेटवली. तासभर झाला, दोन तास झाले. खाली जिन्याशी घाम येत होता आणि वर आईसाहेब दोन घोंगड्यांत कुडकुडत होत्या. रावसाहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावले आणि विचारले, "चूक कोणाची?" तेव्हा मी ते वाक्य बोललो.

कासमभाईंनी माझ्याकडे पाहिले. "नळात चुना न्हाई, सायेब," एवढेच म्हणाले. झरोक्याचे त्यांनी काढले नाही. ते मी काढीन म्हणून थांबले असावेत.

"वरच्या अंगाला माझ्या स्नेह्यांचा बंगला निघतोय," रावसाहेब म्हणाले. "तिथे हा माणूस नको."

लोणावळा तेव्हा लहान होते. चार दिवसांत सगळ्या कामांवर झाले, कासमचे काम कच्चे.

दुसऱ्या दिवशी मी नळ साफ करायला घेतला. वरून दोरीला पोते बांधून सोडले आणि खालून ओढून काढले. पोत्याला नुसती धूळ लागली होती. चुन्याचा कणसुद्धा नव्हता.

आईसाहेबांची सेवा करणारी सखूबाई दारातून पाहत होती. ती म्हणाली, "सायेब, ह्ये दार उगडं ऱ्हायलं ना, का लय झ्याक ऊब येती. लावलं का पुन्ना गार. तुमचं दारच नाट लावतंय बघा."

मी देवघरातून उदबत्ती आणली. दार बंद करून ती नळाच्या तोंडाशी धरली, तर धूर सरळ वर गेला, म्हणजे नळातून वारा येतच नव्हता. दार उघडले. धूर खोलीत ढकलला जाऊ लागला. तीच उदबत्ती उंबऱ्याशी धरली, तर तिथला धूर जिन्याकडे ओढला गेला.

मग समजले. भरलेल्या खोलीत नवी हवा शिरत नाही. आतली गार हवा जमिनीलगत बसते. तिला बाहेर पडून जिन्यावरून खाली भट्टीकडे जायला वाट दिली, तरच गरम हवा वर येते. कासमभाईंनी चुलीवरून हे सांगितले होते. पुस्तकाच्या उरलेल्या अर्ध्या पानावरही तेच होते. मी त्या रात्री वाचले.

सकाळी छिन्नी घेऊन मी स्वतः झरोका फोडला आणि जाळी बसवली. अर्ध्या तासात आईसाहेबांनी एक घोंगडी बाजूला केली.

"दोष काढलात?" रावसाहेबांनी विचारले.

"काढला."

"शाबास."

ती शाबासकी मी घेतली. ह्याची लाज मला पहिल्या खोट्यापेक्षा जास्त वाटते. पहिले खोटे घाबरून बोललो होतो. हे शांतपणे पचवले.

दिवाळीनंतर कळले, कासमभाई बेगडेवाडीकडे एका खाणीवर खडी फोडतात. कमानी वळणारा माणूस! मी गेलो. ते उन्हात बसून हातोडी चालवत होते. मी सगळे सांगितले, हात जोडले.

ते हातोडी थांबवून म्हणाले, "हितं कोन हाय ऐकायला? दगडं? जितं बोललाव्हता, तितं बोला."

त्यांना घेऊन मी तुंगार्लीला गेलो. पुढे स्नेह्यांच्या बंगल्याचे काम कासमभाईंनाच मिळाले, आणि तिथे नळ असलेल्या प्रत्येक खोलीला जमिनीलगत झरोका आहे. मला त्या कामावर घेतले नाही. ते योग्यच झाले. हवा आत आणणाऱ्याने तिच्या परतीची वाट आधी आखावी, आणि ती दुसऱ्या कोणी दाखवली तर त्याचे नाव घ्यावे, एवढे मी ह्यातून शिकलो.

कासमभाईंना घेऊन गेलो त्या दुपारी आईसाहेबांच्या खोलीत तेच सगळे उभे होते. रावसाहेब, सखूबाई, कासमभाई. मी झरोक्यापाशी गेलो.

"रावसाहेब, ही जागा कासमभाईंनी पहिल्यापासून सोडली होती. मी बुजवायला लावली. नळ कधी तुंबलाच नव्हता. ते मला दुसऱ्याच दिवशी कळले, तरी मी गप्प बसलो."

"का?" त्यांनी विचारले.

मी कासमभाईंकडे वळलो.

"कासमभाई, तुमचे काम पक्के होते. मी खोटे बोललो. मला माफ करा."