स्कॅटी म्हणजे नक्की किती वेंधळी?

मंगळवारी सकाळी पावणेनऊला मी टोकियोच्या ओतेमाची स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभी होते. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा होता... आणि ऑफिसच्या लॅपटॉपची बॅग नुकत्याच निघून गेलेल्या ट्रेनच्या रॅकवर.

घराजवळच्या ग्योतोकु स्टेशनला चढले तेव्हाच ट्रेन खचाखच भरलेली होती. लाडू आमच्या टीममधल्या सीनियर मोरी-सानसाठी होते, त्यांना फार आवडतात. ते फुटू नयेत म्हणून डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि बॅग वर ठेवली.

एरवी मी बॅग कधीच रॅकवर ठेवत नाही. इथले लोक बिनधास्त ठेवतात आणि खाली उभ्याउभ्या झोपतातसुद्धा. आपला मात्र एक हात कायम बॅगेवर! त्या दिवशी उतरताना हातांत डब्याचं वजन होतं, त्यामुळे काही राहिलंय असं वाटलंच नाही.

हा माझ्या प्रोबेशनचा शेवटचा आठवडा होता. मला कायम करायचं की नाही, हे शुक्रवारी ठरणार होतं. आणि आदल्याच आठवड्यात आमचा इंग्रज टीम लीड सायमन याने रिव्ह्यूमध्ये लिहिलं होतं, काम उत्तम आहे, पण कधीकधी जरा ‘स्कॅटी’.

हा शब्द मी आधी ऐकलाच नव्हता. डिक्शनरीत सापडलं... ब्रिटिश, बोलीतला, विसरभोळी किंवा वेंधळी व्यक्ती. पण तो किती लागावा, हे डिक्शनरी कुठे सांगते? आपल्याकडे विसरभोळ्याला लोक हसून सोडून देतात, वेंधळीला मात्र बोलणी बसतात. हा शब्द नक्की कुठे बसतो, ते मला ठरवता येईना.

नवरा म्हणाला, “अगं, लाडानं म्हणतात ते.”

“लाडानं कोण रिव्ह्यूमध्ये लिहितं, निखिल?”

आता हसू येतं, पण तेव्हा फार लागलं होतं. आमच्या घरात मी पहिली ग्रॅज्युएट. बँकेचे फॉर्म असोत की रेशन कार्डातली दुरुस्ती, सगळं माझ्याकडे यायचं, आणि एक सही राहिली तरी कुणीतरी म्हणायचंच, “तू शिकलेली ना गं?” विसरायची मुभा मला कधी मिळालीच नव्हती.

तर, प्लॅटफॉर्म. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याने विचारलं, कितवा डबा, कितवं दार? चौथा डबा, तिसरं दार... मी झटकन सांगितलं. रोज तिथेच चढते, ओतेमाचीला जिना समोर येतो म्हणून. त्याने फोन लावला आणि थांबायला सांगितलं. ट्रेन पुढे नाकानोच्या दिशेने चालली होती.

लॅपटॉप हरवला तर त्याच क्षणी ऑफिसला कळवायचं, असा आमच्याकडे कडक नियम आहे. त्यात क्लायंटच्या फाइल्स असतात. मी आधी निखिलला फोन केला. तो म्हणाला, “दहा मिनिटं थांब ना. मिळाली तर कुणाला कळणारही नाही.”

खरं होतं ते. आणि मी थांबले... एक मिनिट, दोन मिनिटं. घड्याळाकडे बघत होते. पाचव्या मिनिटाला लक्षात आलं, की आता मी विसरलेली नाहीये, आता मी लपवते आहे.

मी सायमनला फोन लावला. “माझी बॅग ट्रेनमध्ये राहिली. लॅपटॉप आत आहे. कळून पाच मिनिटं झाली.” तो एवढंच म्हणाला, “बरं. मी मशीन लॉक करायला सांगतो.” आवाजात राग नव्हता, पण लाडही नव्हता.

बॅग नाकानोला मिळाली. ती आणायला ऑफिसमधून मोरी-सान माझ्याबरोबर आल्या. परत येताना आम्ही दोघींनी ती मांडीवर धरली होती, आळीपाळीने.

मग लिहायचा होता झालेल्या चुकीबद्दलचा लेखी रिपोर्ट. इथे त्याची ठरलेली पद्धत असते. मी पहिलंच वाक्य लिहिलं, ‘मी स्वभावानेच वेंधळी असल्यामुळे...’ मोरी-साननी वाचलं, लाल पेन काढलं आणि ते वाक्य सरळ खोडलं.

“हा रिपोर्ट बॅगेचा आहे,” त्या म्हणाल्या. “तुमचा नाही. काय झालं, किती वाजता झालं आणि पुढच्या वेळी काय करणार, तेवढंच लिहा.”

मी लिहिलं. ती पाच मिनिटंही लिहिली.

रिपोर्टवर सही घेताना मी सायमनला धीर करून विचारलंच, स्कॅटी हा वाईट शब्द आहे का? तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, “माझी आई बाबांना रोज म्हणते, चष्मा फ्रिजमध्ये सापडला की. ज्याच्यावर आपला जीव असतो, त्यालाच म्हणतात. पण रिव्ह्यूमध्ये तो लिहायला नको होता, ते माझं चुकलं.”

शुक्रवारी निकाल कळला. प्रोबेशन एक महिना वाढलं. कारण म्हणून पाच मिनिटांचा उशीर नोंदवला होता, लॅपटॉप हरवल्याचा उल्लेख त्याच्या खाली.

स्टेशनच्या बाकावर बसून थोडी रडले. मग घरी फोन करून बाबांना सगळं सांगितलं. ते एसटी डेपोत मेकॅनिक होते. सगळं ऐकून म्हणाले, “महिनाच ना? आमच्याकडं गाडी परत लायनीवर सोडायच्या आधी ट्रायल घ्यायचेच की. जेवलीस का?”

तो स्टेशनवरचा कर्मचारी, ज्याचं नावही मला माहीत नाही, आणि लाल पेनवाल्या मोरी-सान... दोघांचे मनापासून आभार. आपली चूक आपल्याच हाताने लिहून देऊन परत आपल्याच खुर्चीवर जाऊन बसता येतं, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं.