चिकूची कलमं आणि लंकेचे डॉलर

श्रीलंकेकडचे डॉलर संपले, तेव्हा आमच्या घोलवडच्या नर्सरीचं शेडनेट अडलं. हसू नका, खरंच. चिकूची कलमं, मुळांची माती धुऊन, नारळाच्या भुशात गुंडाळून मी तिकडच्या एका बागवाल्याला पाठवली होती. माणूस सज्जन. त्याच्याकडे तिकडचे रुपये होते, पण तिथल्या बँकेत बाहेर पाठवायला डॉलरच नव्हते. त्या पैशांतून नवं शेडनेट व्हायचं होतं, आणि इकडे फाटक्या जाळीखाली माझी रोपं करपत होती.

"काय म्हणते तुमची सोन्याची लंका?" बायको रोज विचारायची.

मला मात्र त्या देशाच्या कर्जाचा नादच लागला. हातात कलम, कानात बातम्या. कर्ज देणारे देश एकत्र बसायलाच तयार नाहीत! हा म्हणतो, आधी त्याने सूट द्यावी. तो म्हणतो, मी माझं वेगळं बोलेन. अरे, यांना कुणी रीत शिकवली की नाही? आमच्याकडे माणूस अडचणीत आला की ज्याचं येणं असतं तो आधी चिकूची करंडी घेऊन त्याच्या घरी जातो, चहा पितो, पाऊसपाण्याचं बोलतो. पैशाचं नाव घेत नाही. मग समोरचाच विषय काढतो.

करंडी समुद्रापार कशी नेणार? मी फोन करू लागलो, दर रविवारी. पोरं कशी आहेत, गॅस मिळतो का, कलमांना पालवी आली का. पैशाबद्दल चकार शब्द काढला नाही. स्वतःवर मी जाम खूश होतो. तो मात्र दिवसेंदिवस कमी बोलू लागला.

एका रविवारी त्याला राहवलं नाही. मुंबईत काही वर्षं काढलेला माणूस, मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "भाई, सगळे मागतात. तुम्हीच मागत नाही. म्हणजे मला बुडालेला धरलंत ना? एकदा मागा हो."

मला फार वाईट वाटलं. मी घसा खाकरला आणि ओरडलोच, "अहो, माझे पैसे कधी देताय?"

"देणार!" तो म्हणाला. "देणार, भाई, देणार." आणि कितीतरी दिवसांनी तो मोकळा हसला.

माझं ओरडणं ऐकून बायको धावत बाहेर आली. "मिळाले?"

"नाही," मी म्हटलं. "मागितले."