गजाचा आवाज

संतपुरात आमच्या शेजारी फौजेतून पेन्शनीवर आलेले एक अण्णा राहत. कुठलीही गोष्ट उघडून बघितल्याशिवाय ते रिकामी मानत नसत. चहा संपला तरी किटलीचं झाकण काढून आत बघत, मगच उठत. मला हसू यायचं.

"कामून हसायलीस अक्का? बघितल्याबिगर रिकामं म्हनू न्हाई."

एका खंडेनवमीला मी पूजेसाठी सासऱ्यांची ठासणीची बंदूक पुसत होते. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती. नळीचं तोंड माझ्या छातीकडं, शेजारी समई पेटलेली. अण्णा दारातूनच म्हणाले, "अक्का, खाली ठेव आधी."

"रिकामीच हाय की अण्णा."

"कुनी बघितलंय? फौजेतल्या रायफलीचा बोल्ट मागं वढला की आतली गोळी दिसतीय. हिला तोंडातनं भरत्यात. मागं दारच न्हाई, कळंल कसं?"

त्यांनी बंदूक उभी धरली आणि नळीखालचा लोखंडी गज काढून आत सोडला. गज भद्दकन थांबला, तळाच्या चार बोटं वरच. सासऱ्यांनी रानडुकरांसाठी ठासलेली दारू आतच होती.

अण्णांनी दारू भिजवायला नळीत तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाले, "चहा ठेव." घरात कुणापाशी ते बोलले नाहीत. पुढं दर खंडेनवमीला मात्र न बोलावता यायचे, गज सोडून ऐकायचे.

आता अण्णा नाहीत. हळदीकुंकू लावण्याआधी गज मीच सोडते. तो तळाला टणकन वाजला, की पहिला नमस्कार अण्णांना.